रडण्यातलं बोलणं

ललित माझा विद्यार्थी. अभ्यासात मधला, अक्षर वाईट, पण कान असे की मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत दुसरे पाहिले नाहीत. मागच्या बाकावरून तो हेडमास्तरांचा खोकला इतका हुबेहूब काढायचा की पुढची मुलं घाईघाईनं पुस्तकं उघडायची. मी छडी घेऊन त्याच्यापर्यंत जायचो आणि हसू येईल म्हणून खिडकी लावल्यासारखं करून परत फिरायचो.

पुढे तो आमच्या रनाळ्याचा वार्ताहर झाला. आधी जिल्ह्यात खपणाऱ्या एका दैनिकाचे अंक वाटायचा, मग अंकांबरोबर बातमीही द्यायला लागला. लोक अहिराणीत सांगायचे आणि तो ते पेपरच्या मराठीत उतरवायचा. या उतरवण्यातच त्याची हुशारी होती. एकदा बांधावरून दोन सख्ख्या भावांची जुंपली. धाकटा सगळ्या गल्लीदेखत म्हणाला, "तुले जित्ता गाडसू." दुसऱ्या दिवशी पेपरात एवढंच आलं: 'बांधाच्या वादातून मोजणीची मागणी'. मी ललितला विचारलं, गाडण्याचं का नाही लिहिलंस? तो म्हणाला, सर, तो असं बैलालाही म्हणतो. त्याच उन्हाळ्यात ते दोघे भाऊ पुतणीच्या लग्नात एकमेकांच्या पानात आग्रहानं जिलबी वाढताना मी पाहिले. छापून आलं असतं, तर दोघांनाही ते वाक्य कोर्टापर्यंत न्यावं लागलं असतं.

दारू पिऊन बोललेलं, भांडणात बोललेलं, पोराच्या भल्यासाठी बोललेलं, ही बोलणी त्याला वेगवेगळी ओळखू यायची. गावाचा त्याच्यावर विश्वास होता तो यामुळे. त्याच्यासमोर लोक मोकळेपणानं बोलत, कारण कुठे थांबायचं ते तो ठरवी.

लॉकडाऊनमध्ये त्या दैनिकानं पानं कमी केली, मग तालुक्याची पानंच बंद केली. ललितला कोणी काढलं नाही. त्याच्या बातम्यांना जागाच उरली नाही. वर्षभर तो ओट्यावर बसून होता. मग मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या एका पोर्टलनं त्याला घेतलं आणि शिकायला नाशिकला पाठवलं. पंचेचाळिशी ओलांडलेला तो एकटाच होता, बाकी सगळी त्याच्या पोरांच्या वयाची. तरी सगळ्यांत लवकर शिकला तोच. फोन उभा धरायचा. माईक ओठांजवळ न्यायचा. माणूस गप्प झाला की आपण बोलायचं नाही. ती शांतता त्याला सोसत नाही आणि मग तो नको ते बोलतो. सगळ्यांत जोरदार वाक्य आधी लावायचं, बाकीचं मागून. घरी येऊन त्यानं बायकोवर, ममतावर, सराव सुरू केला. ती चुलीपुढे, हा फोन घेऊन तिच्या तोंडाशी. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मन्हं झायं. आते भाकरीले इचारा, तिनं काय म्हननं शे."

तरी त्याचे व्हिडिओ चालेनात. मिरचीचे भाव, पपईवरचा रोग, गटारीचं पाणी. संपादक फोनवर गोड बोलायचा. ललितजी, तुमचं काम स्वच्छ आहे, पण लोक थांबत नाहीत. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर हा भाग दुसऱ्याला द्यावा लागेल. ललितनं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. पण ओट्यावरचं ते वर्ष त्याला पुन्हा नको होतं, हे मला दिसत होतं.

आता भिकुबाईविषयी सांगायला हवं. ललितच्या घराला भिंतीला भिंत लागून तिचं घर. सगळे तिला भिकूमाय म्हणत. आमच्याकडे मयताला बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गल्लीच्या तोंडाशी आल्या की सूर धरतात, मेलेल्याला हाक मारून त्याचं सगळं आयुष्य सांगतात. त्या सुरात दोषही देतात. आधी देवाला, मग डॉक्टरला, मग घरातल्या एकेकाला, आणि शेवटी स्वतःला. असं सगळ्यांना वाटून झालं की सूर खाली येतो आणि कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. त्या वेळी जिला दोष दिला, तीच पुष्कळदा तो तांब्या धरते. रडण्यातलं बोलणं घरी न्यायचं नाही, हा नियम कोणी कोणाला शिकवलेला नाही, पण तो सगळ्यांना ठाऊक होता.

भिकूमाय यातली सगळ्यांत वरची. आजूबाजूच्या गावांतून तिला नेत. पारावरची माणसं म्हणत, भिकूमाय रडायला आली तर मेलेला उठून बसेल आणि म्हणेल, माझ्याबद्दल इतकं चांगलं मलाच माहीत नव्हतं.

तिचा एकुलता मुलगा नवनीत. शेती करणारा, अबोल. त्याची बायको रंजिता कोरीट गावची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. त्यावरून सासू-सुनेत कधी वाजल्याचं मी ऐकलं नाही. वाजायचं ते दुसऱ्याच गोष्टींवरून. रंजिता चहात साखर जास्त घालते म्हणून सासू गल्लीभर गाऱ्हाणं सांगायची आणि तोच चहा दोनदा मागून घ्यायची. रंजिता तिचे गुडघे चोळून द्यायची. चोळताना सासू ओरडली की म्हणायची, ओरडा, ओरडा, गल्लीला कळू द्या मी किती छळते ते. आणि दोघी हसायच्या.

नवनीतला ताप आला तो पपईच्या तोडणीच्या आठवड्यात. व्यापाऱ्याची गाडी ठरलेली होती. रंजितानं नंदुरबारला चला म्हणून दोनदा रिक्षा बोलावली, दोनदा त्यानंच परत पाठवली. तिसऱ्यांदा त्याला उचलून रिक्षात घातलं तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता. वाटेतच गेला.

ललितनं तिरडीला खांदा दिला. त्याआधी, प्रेत अंगणात असताना, भिकूमायनं सूर धरला. सगळ्या आयुष्यात दुसऱ्यांसाठी रडलेली बाई पहिल्यांदा स्वतःच्या पोरासाठी रडत होती. अंगणातले पुरुषही तोंड फिरवून उभे राहिले. ललितनं फोन काढला. त्यानं चोरून काढला नाही. सगळ्यांनी पाहिलं, कोणी अडवलं नाही. लग्नात काढतात तसा मयतातही आता कोणी ना कोणी काढतोच.

त्या रडण्यात सगळं होतं. "देव लई गया रे तुले," असं सुरू झालं. मग डॉक्टर. मग, "तुन्ही बायकोनी तुले खाई टाकं रे, मन्हा राजा." मग नवनीतचे चुलते दोधू आबा, ज्यांनी पाण्याची पाळी सोडली नाही म्हणून पोरगा रात्रंदिवस शेतात राबला. आणि शेवटी छातीवर हात मारून, "मीच खाई टाकं रे तुले, मी पापीनी." तेव्हा रंजिता उठली, तिनंच सासूला आवरलं आणि तांब्या तोंडाला लावला.

ललित मला पुढे म्हणाला की त्याला ते जपून ठेवावंसं वाटलं होतं. अशा रडणाऱ्या बाया आता उरल्या नाहीत. हे खरं होतं. दिवाळी जवळ आली होती, हेही खरं होतं. त्यानं रात्रीतून व्हिडिओ जोडला आणि शिकल्याप्रमाणे सगळ्यांत जोरदार वाक्य आधी लावलं. बायकोचं वाक्य. त्याला त्यात काही वाटलं नाही. मयताचं रडणं कोण खरं धरतो? खानदेशात वाढलेल्या कोणाच्या मनातही ते आलं नसतं. वर त्यानं लिहिलं: 'लेकासाठी आईचा टाहो'.

पोर्टलच्या ऑफिसात अहिराणी कळणारं कोणी नव्हतं. त्यांनी फोन करून पहिल्या वाक्याचा अर्थ विचारला आणि ललितनं सांगितला, शब्दाला शब्द. सकाळी व्हिडिओ आला तो अर्ध्या मिनिटाचा. देव, डॉक्टर, दोधू आबा कापलेले. छातीवरचा हात कापलेला. तांब्या कापलेला. वर लाल अक्षरात: 'सुनेनेच घेतला मुलाचा घास? आईचा गंभीर आरोप'. आणि अंगणातल्या बायकांमध्ये बसलेल्या रंजिताभोवती एक गोल.

गावात सुरुवातीला कौतुकच झालं. भिकूमाय मोबाईलमध्ये आली म्हणून पोरं तिला दाखवायला गेली. तिला लाल अक्षरं वाचता येत नव्हती. ती म्हणाली, आवाज बरोबर आला नाही, मी एवढी चिरकी नाही.

मग बाहेरून यायला लागलं. सुरत, पुणे, मुंबई. ज्यांनी रनाळं नकाशातही पाहिलं नव्हतं, ती माणसं रंजिताला फाशी द्या म्हणून लिहीत होती. कोणी तिचा दुसरा पुरुष शोधून काढला, कोणी विषाचं नाव सांगितलं. खालच्या त्या ओळी ललितनं एक दिवस वाचल्या, मग सोडल्या. पण किती जणांनी पाहिलं तो आकडा बघणं त्यानं सोडलं नाही. तेही त्यानंच मला सांगितलं.

त्यानं संपादकाला फोन केला. संपादक म्हणाला, "ललितजी, खोटं काय आहे त्यात? शब्द आजीचेच आहेत ना?" ललितकडे उत्तर होतं, पण ते सांगायला एक अख्खं गाव उभं करून दाखवावं लागलं असतं. तो म्हणाला, हो, शब्द तिचेच आहेत.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, लांबचे पाहुणे आले ते व्हिडिओ पाहूनच. बायका भिकूमायच्या गळ्यात पडल्या आणि रंजिताच्या शेजारची जागा सोडून बसल्या. जेवताना तिच्या हातचं वाढलेलं दोघींनी तसंच ठेवलं. कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर तिला उत्तर देता आलं असतं. दोधू आबांना सुरतेच्या भाच्यांचे फोन येत होते: आबा, घरात असं झालं आणि तुम्ही गप्प? आबा वाईट माणूस नाहीत. त्यांना गप्प राहिल्याचा आरोप नको होता. ते पोलिसांत जाऊन विचारपूस तरी करा म्हणाले. पोलिसांनी रंजिताला बोलावलं, नीट बसवलं, काय जेवायला दिलं होतं ते विचारलं. प्रेत जाळलेलं. तिनं काही केलं हे दाखवायला काही नव्हतं, आणि तिनं काही केलं नाही हे दाखवायलाही काही नव्हतं. राख तापी नदीत गेली होती.

रंजिताला एकच हवं होतं. त्या घरात राहायचं, सासूजवळ. मूल नसलेली विधवा. नवऱ्याच्या घरात तिला धरून ठेवणारा धागा भिकूमाय हाच. आणि आता तीच बाई मोबाईलमध्ये तिच्याकडे बोट दाखवत होती, दिवसातून कितीदा तरी, कोणाच्याही हातात.

ललितनं ठरवलं, हे आपणच निस्तरायचं. तो भिकूमायकडे गेला, सगळं समजावून सांगितलं. म्हातारीला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती त्याला रागावली नाही. फक्त म्हणाली, लाव तुझा फोन. त्यानं आपल्याजवळची सगळी विद्या त्या व्हिडिओत ओतली. उजेड चांगला, आवाज स्वच्छ, मागे रंजिता दळण निवडत बसलेली. भिकूमाय सरळ फोनकडे बघून बोलली.

"ते रडनं व्हतं, बापू. रडामा काय बी बोलतस. रंजू मन्ही पोर शे. तिनी माले सांभाळं, मन्हा पोरले सांभाळं."

एवढं बोलून ती थांबली. ललितही थांबला, नाशिकला शिकवल्यासारखा. त्या शांततेत म्हातारीची नजर एकदा मागे सुनेकडे गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

संपादकाला व्हिडिओ फार आवडला. त्यानं शेवटची नजर तेवढी घेतली, हळू करून दोनदा दाखवली. वर आलं: 'आजीने जबाब फिरवला! सुनेकडे बघत का थरथरली आई?'

तो व्हिडिओ पहिल्याहून जास्त चालला. खाली लोक लिहीत होते, म्हातारीला धमकावलंय, मागे बसून पहारा देतेय बघा. पोलिसांनी रंजिताला पुन्हा बोलावलं. त्या संध्याकाळी ललित तिच्या ओट्याखाली उभा राहिला. वहिनी, मी आणखी एक प्रयत्न करतो म्हणाला. तज्ज्ञ माणसाची मुलाखत घेतो, रीत समजावून सांगायला लावतो. रंजिता दारात उभी होती.

"भाऊ, आते तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "मन्हं भलं बी करू नका."

दिवाळीनंतर तिचा भाऊ कोरीटहून आला आणि तिला घेऊन गेला. भिकूमाय जाऊ नको म्हणाली नाही, कारण दोधू आबा आणि भाऊबंद शेजारीच बसले होते, आणि आपण काही बोललो तर त्याचं काय होईल याचा आता तिला भरवसा नव्हता. गाडी गेल्यावर तिनं चहा मांडला आणि दुधाचं पातेलं उतरवायला विसरली.

ललितचा भाग काढून घ्यायचा प्रश्न राहिला नाही. त्याच्याकडे सगळा जिल्हा आला, अक्कलकुव्यापासून नवापूरपर्यंत. नंदुरबारच्या एका कॉलेजनं त्याला पोरापोरींपुढे बोलायला बोलावलं: बदलत्या माध्यमांत बातमीदाराला लागणारी कौशल्यं. मला त्यानं सोबत नेलं. तो छान बोलला. माईक कसा धरावा, कमी शब्दांत कसं सांगावं, गर्दीत घाबरलेल्या माणसाला बोलतं कसं करावं. शेवटी तो म्हणाला की कान हवा, कोण कशातून बोलतंय ते ओळखणारा. ते कसं शिकायचं, एका मुलीनं विचारलं. ललित म्हणाला, त्याचं आता काही काम पडत नाही. पोरं हसली. त्यांना वाटलं, त्यानं गंमत केली.

त्यांतली काही पोरं पुढे त्याच्याकडे शिकायला येऊ लागली. दोघांनी लवकरच आपापली चॅनलं काढली.

भिकूमाय त्यानंतर कोणाच्या मयताला गेली नाही. बोलवायला आलेल्यांना सांगायची, घसा गेला. गावात तिच्याखेरीज रडणाऱ्या दोघी-तिघी होत्या, त्याही आता पदर तोंडात कोंबून नुसत्या हुंदके देत. कोणता शब्द कुठे जाईल सांगता येत नव्हतं. आमच्याकडची मयतं गप्प झाली. बाहेरून आलेल्याला वाटेल की माणसं समजूतदार झाली.

चैत्रात म्हातारी गेली. पाटावर बसल्या बसल्या कलंडली. दुपारी दूध घालायला आलेल्या माणसानं पाहिलं. रंजिताला कोणी कळवावं यावर भाऊबंदांत बोलणं झालं आणि कोणीच कळवलं नाही. ललितनं कळवलं. ती भावाच्या मोटरसायकलवरून आली, तोवर अंगण भरलं होतं. तिच्यामागे गल्लीतून फोन वर होत गेले, एकेक करून, पिकात वारा शिरावा तसे. ललितकडे शिकून चॅनलं काढलेली ती दोन पोरंही होती, पुढे, चांगली जागा धरून.

ललितचे हात रिकामे होते. तो पोरांपाशी गेला, आज नको म्हणाला. त्यातल्या एकानं फोन खाली न घेता उत्तर दिलं, आणि त्यात उद्धटपणा नव्हता, उलट आदर होता.

"दादा, तुम्हीनच शिकाडं ना आम्हले."

सून आली की तिनं सूर धरायचा, ही रीत. म्हाताऱ्या बाया वाट बघत होत्या. एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड व माय, मोकळी व्हय." रंजिता सासूच्या पायांशी बसली. तिनं त्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि तोंड मिटून घेतलं. जबडा आवळलेला दिसत होता. सगळ्या अंगणात तिच्याइतकं रडण्याजोगं कोणी नव्हतं, आणि तिनं एक शब्द, एक आवाज बाहेर येऊ दिला नाही.

तिरडी गावाच्या बाहेर पोचायच्या आत व्हिडिओ आला होता: 'सासू गेली, सुनेच्या डोळ्यात थेंबही नाही'. स्मशानातल्या लिंबाखाली माणसं तो बघत होती. ललितनंही पाहिला. मी शेजारी होतो. त्यानं तो पूर्ण पाहिला, कुठे कापलाय ते बघितलं आणि म्हणाला, सर, चांगला काढलाय.

आम्ही परतलो तेव्हा अंगण रिकामं झालं होतं. पोरं पुढच्या कामाला गेली होती. रंजिताचा भाऊ गाडीला किक मारायच्या बेतात गल्लीत उभा. ती आतल्या खोलीत, सासूचं अंथरूण होतं त्या जागी बसलेली. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. ललित आत गेला, तिच्यापासून लांब, भिंतीशी टेकला. मग म्हणाला, वहिनी, आता रडून घ्या, आता कोणी नाही.

रंजितानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"कोनी नही कसं? तुम्ही शेतस ना," ती म्हणाली.

ललित बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. आम्ही दोघं गल्लीत उभे राहिलो, तिचा भाऊही. आतून आवाज आला नाही. थोड्या वेळानं दार उघडलं, तिनं पदर सारखा केला आणि ती भावाच्या मागे बसली.